तीस दिवसांचा आदिम आहार, नागभीडच्या पत्त्यावर

२०२५ च्या जुलै महिन्यात मी एका शहरी कंपनीकडून पॅलिओ आहाराचा, म्हणजे अश्मयुगीन माणसाच्या खाण्यावर बेतलेल्या आहाराचा, तीस दिवसांचा संच मागवला आणि १ ते ३० तारखेपर्यंत शक्य तितक्या काटेकोरपणे वापरला. संचाची किंमत कुरिअरसह ९,६०० रुपये होती. त्यात दर आठवड्याला एक याप्रमाणे चार खोकी, एक रंगीत मार्गदर्शक पुस्तिका आणि आठवड्यातून एकदा आहार सल्लागाराचा फोन एवढ्या गोष्टी मिळायच्या होत्या. कंपनीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. अशा संचांच्या जाहिराती एकमेकींशी इतक्या मिळत्याजुळत्या असतात, की माझा अनुभव वाचून कोणालाही आपल्यासमोर आलेल्या संचाचा अंदाज घेता येईल.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक आहे. वय ६१, गाव चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीडपासून ११ किलोमीटरवर, आणि तीन एकर धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरे. मे महिन्यात उपाशीपोटी साखर ११८ निघाली. ब्रह्मपुरीच्या डॉक्टरांनी गोळ्या न देता वजन कमी करा, चाला आणि तीन महिन्यांनी पुन्हा या, असे सांगितले. आमच्या गावाला आहाराचे प्रयोग नवीन नाहीत. डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा दोनच वेळा आणि पंचावन्न मिनिटांच्या आत जेवण्याचा प्रयोग काही वर्षांपूर्वी अर्ध्या गावाने करून पाहिला होता. मात्र त्यात भात सोडायचा नव्हता. हा संच मुलाने पुण्याहून सुचवला, आणि पैसे माझ्या पेन्शनमधून गेले.

ज्यांना हा आहार ठाऊक नाही त्यांच्यासाठी त्याचे गृहीतक थोडक्यात सांगतो. माणसाच्या जातीने लाखो वर्षे शिकार, मासेमारी आणि वेचणी यांवर काढली. शेती आली त्याला जेमतेम दहा-बारा हजार वर्षे झाली. एवढ्या थोड्या काळात आपले शरीर धान्य, कडधान्य आणि दूध यांना पुरते सरावलेले नाही, म्हणून ते वगळावे आणि मांस, मासे, अंडी, भाज्या, फळे, कंद, सुकामेवा व बिया खाव्यात. साखर, कारखान्यातले तेल आणि वरचे मीठही वर्ज्य. १९७५ मध्ये वॉल्टर व्होग्टलिन या अमेरिकन पोटविकारतज्ज्ञाने ही कल्पना मांडली होती. १९८५ मध्ये बॉइड ईटन आणि मेल्विन कॉनर यांच्या एका वैद्यकीय लेखाने तिला प्रतिष्ठा मिळाली, आणि २००२ नंतर लॉरेन कॉर्डेन या प्राध्यापकांच्या लेखनामुळे ती जगभर पोचली. ईटन आणि कॉनर यांनी नमुन्यादाखल जो आहार धरला होता, त्यात मांसाचा वाटा ३५ टक्के आणि वनस्पतींचा ६५ टक्के होता, हे इथे नोंदवून ठेवतो, कारण माझ्या पुस्तिकेत तिन्ही वेळच्या ताटात मांस होते आणि वनस्पती कडेला शोभेपुरत्या होत्या.

पहिले खोके वेळेवर आले. मुखपृष्ठावर बर्फात उभा असलेला, हातात भाला घेतलेला, पिंगट केसांचा एक पुरुष आणि त्याच्या मागे केसाळ हत्ती. पत्नीने ते चित्र बराच वेळ न्याहाळले आणि या माणसाला आपल्या उन्हाळ्यात नागभीडला आणून बसवावे, एवढाच शेरा मारून ती कामाला लागली. आत बदामाचे पीठ अर्धा किलो, नारळाचे पीठ अर्धा किलो, घाण्यावरचे खोबरेल तेल अर्धा लिटर, अक्रोड, भोपळ्याच्या बिया, चिया, सुकवलेल्या क्रॅनबेरी, पाव किलो ‘जंगली मध’, हाडांच्या सूपची भुकटी, मसाला लावून वाळवलेल्या मांसाच्या कांड्या, सोया सॉसऐवजी वापरायचे नारळाचे काळे सॉस आणि आठ लाडू होते. बांधणी उत्तम होती. प्रत्येक पिशवी हवाबंद आणि प्रत्येकीवर तारीख. वस्तूंच्या दर्जाबद्दल माझी तक्रार नाही. अक्रोड ताजे होते, आणि बदामाचे पीठ शिळ्या वासाचे निघाले नाही, जे आमच्या भागातल्या दुकानात हमखास निघते.

माझा आक्षेप त्या वस्तूंच्या वंशावळीवर आहे. चिया हे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत शेतकऱ्यांनी पिकवलेले पीक आहे. क्रॅनबेरी उत्तर अमेरिकेची. गोड बदाम तर शेतीचीच देणगी, कारण रानटी बदाम कडू असतो आणि त्याच्या कडवटपणात सायनाइड तयार करणारे द्रव्य असते. माणसाने गोड बी देणारी झाडे निवडून लावली, तेव्हा कुठे बदाम मूठभर खाण्याजोगा झाला. पुस्तिकेत ज्या फ्लॉवर, ब्रोकोली आणि पत्ताकोबीचा पानोपानी उल्लेख आहे, त्या तिन्ही भाज्या एकाच रानटी झाडाच्या, शेतकऱ्यांनी वेगवेगळ्या अंगांनी वाढवलेल्या जाती आहेत. म्हणजे शेतीच्या आधीचा आहार म्हणून आलेल्या खोक्यात जवळजवळ सगळा माल शेतीचाच होता, फक्त दूरच्या शेतीचा. धान मात्र वर्ज्य, कारण ते शेतीत पिकते!

आता भाताविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण पहिल्या आठवड्याचा सगळा त्रास तिथेच होता. आमचा तालुका दादाजी खोब्रागडे यांचा. नांदेड या गावच्या या अल्पभूधारक शेतकऱ्याने १९८३ च्या सुमारास आपल्या बांधीतल्या ‘पटेल’ धानात वेगळ्या दिसणाऱ्या काही लोंब्या हेरल्या, त्यांचे बी जपून वाढवले, आणि त्या वेळी गाजत असलेल्या घड्याळाच्या नावावरून त्या वाणाचे नाव एचएमटी पडले. हा बारीक, मऊ आणि चवीचा तांदूळ पुढे दूरदूरपर्यंत गेला. दादाजी २०१८ मध्ये वारले. त्यांच्याच तालुक्यात, ऐन रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत, एचएमटीचा भात घरात शिजत असताना मी समोर फ्लॉवर किसून केलेला ‘भात’ घेऊन बसलो होतो. पुस्तिकेत तसे सुचवले आहे. जुलैत आमच्याकडे फ्लॉवर महाग, बाहेरून आलेला आणि अर्धा काळवंडलेला असतो. किसून परतल्यावर त्याला पाणी सुटते आणि घरभर कोबीचा वास राहतो. हा पदार्थ मी तीन वेळा केला. चौथ्या वेळी करणार नाही, एवढेच त्याचे परीक्षण.

रोवणीचे काम ज्यांनी केले आहे त्यांना सांगायला नको, पण इतरांसाठी लिहितो. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, खणून त्याच्या पेंढ्या बांधीपर्यंत वाहायच्या, पोटरीभर चिखलात दिवसभर वाकायचे, आणि वरून दमट ऊन. बायामाणसांच्या शिदोरीत भात, वरण किंवा लाखोडीची भाजी असते, आणि ती उगाच नसते. मी स्वतः रोवत नाही, पण पेंढ्या पोचवणे आणि पाणी पाहणे माझ्याकडे असते. पाचव्या दिवशी दुपारी माझ्या पोटऱ्यांत असे गोळे आले, की धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून राहावे लागले. कारण नंतर कळले. पिष्टमय अन्न एकदम कमी केले की शरीरातला साखरेचा साठा उतरतो, त्याच्यासोबत पाणी आणि मीठही बाहेर जाते, आणि त्यात घामाने आणखी भर पडते. पुस्तिकेने तर वरचे मीठही बंद करायला सांगितले होते. वातानुकूलित कचेरीत बसणाऱ्या माणसाला हे कदाचित चालून जात असेल. बांधीत काम करणाऱ्याला पहिल्याच पानावर याची सूचना द्यायला हवी होती. मी त्याच संध्याकाळी मीठ पूर्ववत केले आणि उकडलेली रताळी खायला लागलो. कंद या आहारात चालतात, पण पुस्तिकेने त्यांना अर्धे पान दिले आहे.

दुसऱ्या आठवड्यापासून मी खोक्यावरचा भर कमी केला. नियम तेच ठेवले, माल मात्र गावातून आणि आठवडी बाजारातून घ्यायचा असे ठरवले, आणि खरा आनंद इथून पुढे आला. मृगाच्या सरींनंतर आमच्या धुऱ्यांवर तरोटा, पातूर, खापरखुटी ही भाजी फुकट उगवते. बाजारात काटवल, म्हणजे कर्टुली, आलेले असतात. जंगलालगतच्या गावांतून वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, टोपलीने येतात. मामा तलावातले, म्हणजे माजी मालगुजारी तलावातले झिंगे आणि बारीक मासळी सकाळी सकाळी दारावर येते. कोचईचे कंद असतात, गावरान कोंबडीची अंडी असतात. आठ दिवसांच्या अशा बाजाराला मला ९०० ते १,००० रुपये लागले, त्यातही निम्मे काटवल आणि अंड्यांचे. खोक्याचा हिशेब आठवड्याला २,४०० रुपये होतो, आणि मांस, अंडी, भाजी त्याखेरीज वेगळी घ्यायची असते, ही गोष्ट जाहिरातीत बारीक अक्षरांत लिहिलेली आहे.

झिंगे आणणाऱ्या ढिवर बाई आमच्याकडे वीसेक वर्षांपासून येतात. तिसऱ्या दिवशीही मी जास्तीचे झिंगे घेतल्यावर त्यांनी टोपली खाली ठेवली आणि विचारले, “काय जी गुरुजी, भात सोडला म्हनते तुमी?” मी हो म्हटल्यावर त्या म्हणाल्या, “मंग बांधीत रोवना कायले करता जी?” या प्रश्नाचे उत्तर पुस्तिकेत नव्हते, माझ्याकडेही नव्हते. त्यांनी मात्र जाताना बारीक मासळी काट्यासकट कशी परतायची ते सांगितले, आणि तो सल्ला मला संपूर्ण संचापेक्षा अधिक उपयोगी पडला. दूध बंद केल्यावर कॅल्शियम कुठून आणायचे हा या आहारातला खरा प्रश्न आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला दिवसाला १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. काट्यासकट खाल्लेली बारीक मासळी, तीळ आणि रानातल्या पालेभाज्या यांतून ते बऱ्याच अंशी भागू शकते. बदामाच्या पिठाच्या धिरड्यातून ते भागण्याची शक्यता कमी आहे.

वास्त्यांनी मला पुस्तिकेतल्या एका मोठ्या दाव्याकडे पुन्हा पाहायला लावले. धान्य आणि कडधान्यांत लेक्टिन, फायटेट अशी ‘पोषणविरोधी’ द्रव्ये असतात, म्हणून ती माणसाचे अन्न नव्हेत, असा तो दावा. ही द्रव्ये असतात हे खरे आहे. कच्चा राजमा खाल्ला तर माणूस खरोखर आजारी पडतो. पण वास्तेही कच्चे खाल्ले तर विषारीच असतात, त्यांत सायनाइड सोडणारे द्रव्य असते. म्हणून आमच्याकडे ते बारीक चिरून रात्रभर पाण्यात ठेवतात, ते पाणी फेकतात, उकळतात, आणि मगच भाजी करतात. रानातले कडू कांद वाहत्या पाण्यात किंवा राखेच्या पाण्यात मुरवल्याशिवाय घशाखाली उतरत नाहीत. लाखोडीच्या डाळीतल्या द्रव्याने पाय लुळे पडतात म्हणून तिच्या विक्रीवर १९६१ मध्ये बंदी आली होती, आणि ती डाळ भिजवून, उकळून, पाणी काढून खाल्ली की ते द्रव्य बरेच कमी होते, हेही आता माहीत आहे. विष काढून अन्न करणे ही विद्या वेचून खाणाऱ्या माणसांनीच आधी कमावली असणार, कारण रानातले अन्न शेतातल्या अन्नापेक्षा जास्त कडू आणि जास्त विषारी असते. मग तीच विद्या कंदाला लावली तर आदिम आणि हरभऱ्याला लावली तर अनैसर्गिक, हा भेद मला पटला नाही. शेंगदाणा हा शेंगवर्गातला म्हणून वर्ज्य आणि बदाम चालतो, यातही परवडण्याचा विचार कोणी केलेला दिसत नाही.

अश्मयुगीन माणूस नक्की काय खात होता, याचा पुस्तिकेने मांडलेला निर्णयही फार घाईचा आहे. आमच्याच जिल्ह्यात, चंद्रपूरजवळच्या पापामिया टेकडीवर, अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारे सापडली आहेत. शिक्षक असताना मी मुलांना त्यांविषयी सांगत असे. हत्यार पाहिले की शिकार डोळ्यांसमोर उभी राहते, कारण दगड उरतो आणि काही ठिकाणी हाडेही उरतात. भाजी, कंद, मोहफूल यांचे मात्र काही उरत नाही. जिथे जळून कोळसा झाल्यामुळे किंवा चिखलात बुडाल्यामुळे वनस्पती टिकल्या, तिथले चित्र वेगळे दिसते. दक्षिण आफ्रिकेतल्या बॉर्डर केव्ह या गुहेत सुमारे १,७०,००० वर्षांपूर्वी भाजलेल्या पिष्टमय कंदांचे अवशेष मिळाले. इस्रायलमधल्या ओहालो येथे सुमारे २३,००० वर्षांपूर्वीची माणसे रानटी जव गोळा करत होती. जॉर्डनमधल्या शुबायका येथे तर शेती सुरू होण्याच्या सुमारे चार हजार वर्षे आधीच्या, म्हणजे १४,४०० वर्षांपूर्वीच्या, भाकरीचे जळके तुकडे सापडले आहेत. भाकरी भाजणारी ही माणसे शेतकरी नव्हती.

शरीर शेतीनंतर बदललेच नाही, हे विधानही जसेच्या तसे टिकत नाही. लाळेत पिष्ट पचवणारे जे विकर असते, त्याच्या जनुकाच्या प्रती पिढ्यान्‌पिढ्या पिष्टमय अन्न खाणाऱ्या समाजांत सरासरीने जास्त आढळतात, आणि मोठेपणीही दूध पचवण्याची क्षमता तर गेल्या दहा हजार वर्षांतच पसरली. टांझानियातले हाडझा लोक आजही कंद, गोरखचिंचेची फळे, मध आणि शिकार यांवर जगतात, तर उत्तर ध्रुवाजवळचे इन्युइट जवळजवळ सगळे अन्न प्राण्यांपासून मिळवत आले. यांतला खरा आदिम आहार कोणता, असे विचारले तर दोन्ही म्हणावे लागेल. ज्या जागी जो ऋतू असेल त्यातले अन्न, एवढीच त्यांच्यात समान गोष्ट दिसते, आणि नेमकी तीच गोष्ट खोक्यात बसत नाही. जुलैत क्रॅनबेरी आणि डिसेंबरातही क्रॅनबेरी, असा हा संच आहे.

मांसाविषयी थोडक्यात. पुस्तिकेत शिकारीचे वर्णन फार उत्साहाने आले आहे. आमच्या तालुक्यात घोडाझरीचे अभयारण्य आहे, पलीकडे ताडोबा आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार रानडुकराची परवानगीशिवाय केलेली शिकारही गुन्हा ठरते, मग त्याने धान कितीही उखडलेले असो. म्हणजे मांस दुकानातूनच घ्यायचे, आणि ते बहुतेक ब्रॉयलरचे, जी कोंबडी विसाव्या शतकात कारखानदारी पद्धतीने तयार झाली. आखाडीला गावात मटण झाले तेव्हा माझे पथ्य आणि गावाचे जेवण योगायोगाने जुळले. पण शेवटचे सहा दिवस श्रावणात आले, घरात मांस-मासळी बंद झाली, आणि मी अंड्यांसाठी शेजारच्या पोराची चूल वापरली. शाकाहारी माणसाला हा आहार पाळणे जवळपास अशक्य आहे, कारण डाळही नाही आणि दूधही नाही. सल्लागाराला मी हे विचारले तेव्हा त्यांनी प्रथिनांच्या भुकटीचा एक डबा सुचवला, जो वेगळा विकत घ्यायचा होता.

लाडवांविषयी लिहिलेच पाहिजे, कारण माझी साखर वाढलेली होती म्हणूनच मी हे सगळे आरंभले होते. वेष्टनावर ‘साखर घातलेली नाही’ असे मोठ्या अक्षरांत आहे. मागे घटकांची यादी पाहिली तर पहिला घटक खजूर. आपल्याकडच्या नियमानुसार घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, म्हणजे खजूर सर्वांत जास्त. त्याखालच्या तक्त्यात शंभर ग्रॅममागे एकूण साखर ५४ ग्रॅम छापलेली होती. वरून साखर घातलेली नाही हे विधान तांत्रिकदृष्ट्या खोटे नाही, पण मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या माणसाला दिवसाला दोन लाडू खायला सांगणे हा प्रामाणिकपणा नव्हे. मी आठांपैकी एक खाल्ला, उरलेले नातवंडांनी अर्ध्या तासात संपवले आणि ते उत्तम असल्याचे प्रमाणपत्र दिले.

आता परिणाम. वजन ८१.२ किलोवरून ७७.९ किलोवर आले, त्यातले जवळपास दोन किलो पहिल्याच आठवड्यात गेले, आणि ते बहुतांशी पाणी असावे. उपाशीपोटी साखर ११८ वरून १०४ झाली. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी रक्तचाचणी मी केली नाही, कारण महिनाभरात तिच्यात पुरता फरक दिसत नाही. दुपारची सुस्ती गेली, हा फायदा खरा आहे आणि तो मला मोलाचा वाटतो. पहिले दहा दिवस बद्धकोष्ठता होती, भाज्या वाढवल्यावर गेली. स्वीडनमध्ये मधुमेहाच्या १३ रुग्णांवर तीन-तीन महिने केलेल्या एका छोट्या अभ्यासात या आहाराने साखर आणि वजन सुधारल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले होते, तेव्हा माझा अनुभव अगदीच एकट्याचा नाही. मात्र माझ्या बाबतीत काय बंद झाले ते पाहिले तर बिस्किटे, चहातली साखर, शेव-चिवडा, मैदा, रात्रीचा दुसऱ्यांदा घेतलेला भात. या पाच गोष्टी बंद करायला भालेवाल्या माणसाची गरज होती का, याचा विचार मी अजून करतो आहे. कदाचित असावी, कारण याआधी डॉक्टरांनी सांगूनही मी त्या बंद केल्या नव्हत्या, आणि ९,६०० रुपये भरल्यावर लगेच केल्या.

सल्लागाराच्या सेवेबद्दल माझे मत वाईट आहे आणि ते सौम्य करावेसे वाटत नाही. चार फोन ठरले होते, तीन आले. बोलणारी व्यक्ती नम्र होती, पण समोरच्या कागदावरचे वाचत होती. पोटऱ्यांत गोळे येतात म्हटल्यावर ‘शरीर जुळवून घेत आहे’ असे उत्तर मिळाले, मिठाचे नाव निघाले नाही. यापेक्षा गंभीर गोष्ट माझ्या व्याह्यांच्या बाबतीत घडली. त्यांना मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडची गोळी चालू आहे. माझे वजन उतरलेले पाहून त्यांनीही चौकशीसाठी फोन केला आणि गोळीचे नाव स्पष्ट सांगितले. पलीकडून एवढेच सांगण्यात आले की नैसर्गिक आहाराने गोळ्या हळूहळू सुटतातच, आणि पैसे भरण्याची लिंक आली. ही गोळी चालू ठेवून भात-पोळी एकदम बंद केली तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते, आणि डोस आधी डॉक्टरांकडून बदलून घ्यावा लागतो. मी व्याह्यांना ब्रह्मपुरीला घेऊन गेलो. डॉक्टरांनी त्यांना भात अर्धा करायला सांगितला, वरण वाढवायला सांगितले, आणि संच घेऊ नका म्हणून बजावले. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनीही एवढी प्रथिने स्वतःच्या मनाने वाढवू नयेत, हे त्यांनी माझ्याकडे पाहून सांगितले. माझे मूत्रपिंड ठीक आहे, तरी मी मान हलवली.

पोच सेवा मध्यम. तिसरे खोके सहा दिवस उशिरा आले आणि तेलाची बाटली झाकणापाशी पाझरलेली होती, त्यामुळे सूपची भुकटी वाया गेली. छायाचित्र पाठवल्यावर बाटलीचे पैसे नऊ दिवसांनी परत मिळाले, भुकटीचे मिळाले नाहीत. कुरिअर आमच्या गावापर्यंत येत नाही, नागभीडला जाऊन आणावे लागते, म्हणजे प्रत्येक खोक्यामागे २२ किलोमीटरचे पेट्रोल आणखी. मांसाच्या कांड्या चवीला चांगल्या, पण खारट होत्या, आणि मीठ वर्ज्य असलेल्या आहारात त्या कशा बसतात हे मला कळले नाही.

पाचपैकी मी या संचाला दोन गुण देतो. एक मालाच्या दर्जासाठी, आणि एक माझ्या बिस्किटांच्या डब्यासाठी. नियम हवे असतील तर ते कुठेही फुकट वाचायला मिळतात. शहरात राहणाऱ्या, बैठे काम करणाऱ्या, गोळ्या चालू नसलेल्या आणि मांस खाणाऱ्या माणसाने पहिला महिना सोपा जावा म्हणून एखादे खोके घेतले तर मी त्याला अडवणार नाही. आमच्या भागातल्या वाचकाने ते पैसे काटवल, झिंगे आणि जवसाच्या चटणीत घालावेत. जवस हे बी असल्यामुळे ते नियमातही बसते, आणि खोक्यात मात्र नव्हते.

३१ जुलैला मी दुपारी वाटीभर एचएमटीचा भात आणि तुरीचे वरण खाल्ले. आता दुपारी एवढाच भात, रात्री भाजी, अंडी किंवा मासळी, असे चालले आहे आणि ऑगस्टअखेर डॉक्टरांकडे जायचे आहे. नारळाच्या पिठाची दोन पाकिटे तशीच शिल्लक होती. पत्नीने त्यातल्या एकात तांदळाचे पीठ आणि गूळ घालून वड्या केल्या, दुसरे पाकीट ढिवर बाईंनी वास घेऊन परत ठेवले. सल्लागारांचा चौथा फोन काल आला, पुढच्या महिन्याच्या संचावर पंधरा टक्के सूट आहे असे सांगायला.